ऑफिसमधल्या छोट्या टाकीसाठी मॅन्टिस श्रिम्प: कोणता घ्यावा, कसा पारखावा

खाऱ्या पाण्याची चाळीसेक लिटरची टाकी आणि तिच्यात एकच प्राणी, असा बेत असेल तर मॅन्टिस श्रिम्पला तोड नाही. तो बिळाच्या तोंडाशी बसून दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत खोलीवर नजर ठेवतो, खायला घालणारा माणूस थोड्याच दिवसांत ओळखीचा झाल्यासारखा पुढे येतो, आणि गोगलगाय दिली की टेबलापलीकडे ऐकू जाईल असा 'टक्क' आवाज काढून तिचा शंख फोडतो. नावात श्रिम्प असलं तरी ही कोळंबी नव्हे. स्टोमॅटोपोडा हा कवचधाऱ्यांचा वेगळाच गण आहे आणि त्यात साडेचारशेहून जास्त जाती आहेत.

बहुतेकांची पहिली चूक टाकी घेण्याआधीच झालेली असते. हिरव्या-निळ्या-केशरी पीकॉक जातीच्या मॅन्टिसचा व्हिडिओ पाहून 'हाच हवा' असं मनात पक्कं होतं, मग त्याच्यासाठी टाकी शोधली जाते. क्रम उलटा हवा. आधी जागा, मग टाकी, मग तिच्यात आयुष्यभर मावेल अशी जात, आणि सगळ्यात शेवटी रंग.

ठोसेवाला की भालेवाला

मॅन्टिस श्रिम्पचे ढोबळ दोन प्रकार. स्मॅशर म्हणजे ठोसा मारणारे. छातीखाली घडी घालून ठेवलेल्या हातांच्या कोपराशी एक फुगीर, टणक गाठ असते, तिनेच ते खेकड्याची पाठ आणि शंख फोडतात. स्पिअरर म्हणजे भाला मारणारे. त्यांच्या हाताला करवतीसारखे काटे असतात, आणि ते वाळूत दबा धरून मासा, कोळंबी असं मऊ भक्ष्य भोसकतात.

छोट्या टाकीला स्मॅशर बरा. दगडातलं एखादं भोक त्याला घर म्हणून पुरतं. मोठ्या स्पिअररला खोल वाळू लागते. झेब्रा मॅन्टिस, म्हणजे लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा, फूटभराहूनही लांब वाढतो आणि समुद्रात लांबलचक बोगदा करून राहतो. चाळीस लिटरमध्ये त्याला ठेवणं म्हणजे बैल कपाटात बांधणं.

ठोशाची ताकद नावापुरती नाही. पीकॉकच्या हाताचा वेग पाण्यात सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. इतक्या वेगात हात आणि भक्ष्य यांच्यामध्ये पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना भक्ष्याला दुसरा दणका बसतो. छोट्या जातींचा जोर कमी, पण बोटातून रक्त काढायला तो पुरेसा आहे.

कोणती जात

नवशिक्यासाठी आमची पहिली पसंती निओगोनोडॅक्टिलस वेनेरी. लांबी ६-७ सेंटीमीटर, मूळ घर फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताचा परिसर. तिथल्या लाईव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीवांसकट समुद्रातून काढलेल्या दगडांच्या भोकांत बसून तो न बोलावता लोकांच्या टाक्यांत येतो, म्हणून रीफ टाकीवाले, म्हणजे प्रवाळ पाळणारे, त्याला उपद्रव समजून बाहेर काढतात. त्यांची कटकट तुमच्या कामाची. रंग मातकट हिरवा, तपकिरी, कधी जवळजवळ काळा. दिसायला साधा, पण काटक, आणि दिवसा भरपूर बाहेर दिसणारा.

दुसरा गोनोडॅक्टिलस स्मिथी, हिंद-प्रशांत भागातला, ८-९ सेंटीमीटरचा. दोन्ही हात फाकवून धमकावतो तेव्हा हातांच्या आतल्या बाजूला गडद जांभळा डाग दिसतो, ती त्याची खूण. चाळीस लिटरमध्ये मावतो, रंगालाही देखणा. मिळाला तर जरूर घ्यावा.

गोनोडॅक्टिलस कायराग्रा साधारण १० सेंटीमीटरचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा असल्याने तापमानाचे चढउतार सोसतो आणि ऑफिसच्या टाकीत हा गुण सोन्यासारखा आहे. मात्र आडदांड आहे, टाकी ६० लिटरची असेल तरच विचार करा. स्पिअररच हवा असेल तर स्यूडोस्क्विला सिलियाटा पाहा. साधारण ९ सेंटीमीटर, दिवसा हिंडणारा, भक्ष्यामागे धावणारा. वाळूचा थर मात्र ६-७ सेंटीमीटर हवा.

वीस लिटरचीच टाकी ठेवता येत असेल तर हॅप्टोस्क्विला ट्रायस्पिनोसासारखी ३-४ सेंटीमीटरची जात शोधावी लागेल. प्राणी लहान म्हणून काम सोपं होतं असं मात्र नाही. वीस लिटर पाणी दोन दिवसांत बिघडतं, त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर चाळीसच्या खाली जाऊ नका.

आणि पीकॉक, ओडोन्टोडॅक्टिलस सिलॅरस? तो १५-१८ सेंटीमीटर होतो. त्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी, लांब बीळ आणि मंद उजेड लागतो. प्रखर दिवे आणि तोकडं बीळ मिळालं की त्याचं कवच सडायला लागतं. कडांवर काळपट खड्डे पडतात, दर कात टाकण्यागणिक ते पसरतात आणि शेवटी प्राणी कातीतच अडकून मरतो. दुकानात ४ सेंटीमीटरचा पीकॉक 'छोटा आहे, चालेल' म्हणून दिला जातो. तो छोटा राहणार नाही.

जागा आणि टाकी

४५ × ३० × ३० सेंटीमीटरची टाकी म्हणजे हिशेबाने ४० लिटर. दगड आणि वाळू टाकल्यावर त्यात प्रत्यक्ष पाणी ३२ लिटरच्या आसपास उरतं. काच, पाणी, दगड, वाळू मिळून पन्नास-पंचावन्न किलो वजन होतं. चाकांचं ड्रॉवर युनिट किंवा पार्टिशनला लटकवलेलं टेबल यासाठी नको. एसीचा झोत थेट लागतो ती जागा, उन्हाची खिडकी आणि प्रिंटरचं टेबल टाळा. प्रिंटरची थरथर काचेतून पाण्यात उतरते आणि प्राणी बिळातच बसून राहतो.

काच फोडल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. १९९८ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यार्माउथच्या मत्स्यालयात 'टायसन' नावाच्या मॅन्टिसने टाकीची काच फोडली, ती बातमी अजून फिरते. दहा सेंटीमीटरखालच्या जातीला ५-६ मिलीमीटरची काच पुरते. धोका असतो तो तळाला, कारण बीळ खोदताना हा प्राणी तळाच्या काचेवरच ठोकत बसतो. वाळूखाली ३ मिलीमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा अंथरला की प्रश्न मिटला. काचेचा हीटर उघडा ठेवू नका. प्लास्टिकच्या जाळीचं आवरण असलेला ५० वॉटचा घ्या. फिल्टरच्या शोषनळीवर स्पंज चढवा, नाहीतर छोटा मॅन्टिस एखाद्या रात्री फिल्टरमध्येच बिऱ्हाड करतो. पाण्याचा प्रवाह तासाला ३००-४०० लिटर असला की झालं. झाकण हवंच, एक तर प्राणी चढून बाहेर येतो म्हणून आणि दुसरं म्हणजे बाष्पीभवन.

दगड ४-५ किलो. ते आधी तळावर बसवा, मग भोवती वाळू घाला. वाळूवर दगड ठेवले तर मॅन्टिस खालून पोखरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो. वाळूत अर्धा ते दोन सेंटीमीटरचे प्रवाळाचे आणि शिंपल्यांचे तुकडे मूठ-दोन मूठ मिसळा. रात्री दाराशी बांध घालायला त्याला हेच लागतात. तुकडे नसतील तर तो सतत अस्वस्थ फिरत राहतो.

बीळ तुम्ही स्वतः करून दिलंत तर तो तुम्हाला हवा तिथे राहील. ६-७ सेंटीमीटरच्या प्राण्यासाठी आतून २ सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाईप, लांबी १२ सेंटीमीटर, एका टोकाला एल्बो. आत तो वळू शकला पाहिजे, पण पाईप ऐसपैसही नको, कारण अंगाला भिंत लागली तरच त्याला सुरक्षित वाटतं. पाईप उभा अर्धा कापून उघडी बाजू समोरच्या काचेला चिकटवून ठेवली तर आतला संसार दिसतो. बाहेरून काचेवर काळा कागद लावा आणि बघायचं तेव्हाच उचला.

ऑफिसची खरी अडचण: शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

अडीच दिवस माणूस नाही, एसी बंद, वीज कधी जाईल सांगता येत नाही. घरच्या टाकीत हा प्रश्नच नसतो, म्हणून घरासाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ३२ लिटरमधून दीड लिटर उडालं की क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) ३५ वरून ३६.७ च्या आसपास जाते. सोमवारी कुणीतरी घाईत एकदम दीड लिटर साधं पाणी ओततं आणि क्षारता झटक्यात खाली येते. प्राण्याला वाढलेल्या क्षारतेपेक्षा हा झटका जास्त बाधतो. उपाय स्वस्त आहे: काचेवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टीची खूण करा, रोज त्या खुणेपर्यंत आरओ पाणी घाला, झाकण घट्ट ठेवा, आणि सोमवारची भर दोन-तीन हप्त्यांत घाला. भरीचं पाणी बिनमिठाचं असतं, हे टाकी बघणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. भरीतही मीठ घालणारे महाभाग आहेत.

हीटर तापमान खाली पडू देत नाही, वर जाण्यापासून मात्र वाचवत नाही. लक्ष्य २४-२६ अंश. बंद खोलीत पारा ३० कडे जात असेल तर पृष्ठभागावर छोटा पंखा टायमरने चालवा. दोन-एक अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं, तेव्हा त्या सुट्टीसाठी आधीच भरीची सोय करा. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप जरूर लावा. दिवा मंद, टायमरवर, दिवसाला ८ तास.

सफाई कर्मचाऱ्यांशी स्वतः बोला. काच पुसायचा स्प्रे, रूम फ्रेशनर, आणि सगळ्यात घातक म्हणजे झुरळांचं औषध. कीटकनाशक कीटकांसाठी बनवलेलं असतं आणि कवचधारी प्राणी कीटकांचे जवळचे नातेवाईक. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी एअर पंप बंद करून टाकी प्लास्टिकने झाका, फिल्टर चालू ठेवा आणि खोलीत हवा खेळल्यावरच प्लास्टिक काढा.

पाणी तयार करणं

टाकी भरल्या दिवशी प्राणी आणू नका. चार ते सहा आठवडे लागतात. लिटरला साधारण ३५-३८ ग्रॅम सागरी मीठ आरओ पाण्यात आदल्या दिवशी मिसळा, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता १.०२५ आली की वापरा. बाटलीतलं अमोनिया घालून पातळी २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) आणा आणि टेस्ट किटने तपासत राहा. तेवढंच अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसलं की प्राण्याच्या घाणीतलं अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू तयार झाले. कोळंबीचा तुकडा कुजवून हेच काम होतं, पण ऑफिसात हा प्रयोग केला तर टाकीसकट तुम्हालाही बाहेर काढतील.

पुढे पीएच ८.१ ते ८.४ आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवा. दर आठवड्याला ४-५ लिटर पाणी बदललं की कॅल्शियम आणि आयोडीन वेगळं घालायची गरज पडत नाही. तांबं मात्र अजिबात नको. जुनी टाकी घेत असाल तर तिच्यात माशांचं तांब्याचं औषध कधी वापरलं होतं का ते विचारा. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि महिनोन्‌महिने सोडत राहतात.

प्राणी पारखताना

विक्रेत्याला प्राणी पारदर्शक डब्यात ठेवायला सांगा आणि बाजूने पाहा. घाई करू नका, दहा मिनिटं द्या.

पहिल्यांदा डोळे. देठांवरचे दोन्ही डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे फिरले पाहिजेत. प्रत्येक डोळ्याच्या मधोमध आडवा पट्टा दिसतो, तो स्वच्छ हवा. डोळे धुरकट आणि स्थिर असतील तर परत ठेवा. मग पोटाखाली बघा. पिसांसारख्या वल्ह्यांची हालचाल एकसारखी, लयीत चालू हवी. या प्राण्याचे कल्ले त्या वल्ह्यांवरच असतात, म्हणजे ती हालचाल हा त्याचा श्वास. थांबून-थांबून होत असेल तर प्राणी संकटात आहे.

दोन्ही मारक हात आहेत का ते मोजा. एक नसेल तर घासाघीस करायला हरकत नाही, कारण तो पुढच्या कातींबरोबर परत उगवतो. दोन्ही नसलेला घेऊ नका, तो तोवर नीट खाऊ शकत नाही. कवचावर, विशेषतः शेपटीच्या पंख्याच्या कडांवर काळे-तपकिरी खड्डे असतील तर भाव कितीही पाडला तरी नको. काडी जवळ नेली की निरोगी प्राणी एकतर काडीला ठोसा देतो किंवा उलटा फिरून शेपटीची ढाल पुढे करतो. काडी लागेपर्यंत पडून राहणारा आजारी असतो.

मग तीन प्रश्न: डोळ्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी किती, आला कुठून, आणि काय खातो. तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, समोर खायला घालून बघा. 'पूर्ण वाढलेला आहे' या वाक्याला मूळ ठिकाण कळल्याशिवाय अर्थ नाही. रंगावरूनही जात ठरवू नका. बऱ्याच जातींचा रंग भोवतालानुसार आणि कात टाकल्यावर बदलतो, त्यामुळे दुकानातला हिरवा तुमच्या टाकीत तपकिरी होऊ शकतो.

आणणं आणि सोडणं

प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, शेपटीच्या काट्यांनी ती फुटते. रुंद तोंडाची कडक बरणी घ्या, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. आत पाईपचा तुकडा ठेवला तर तो त्यातच शिरतो आणि सोडताना पाईपसकट उचलता येतं.

१. बरणी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, तापमान जुळेल.
२. बरणीतलं पाणी एका स्वच्छ डब्यात प्राण्यासह ओता आणि टाकीतून नळीने सेकंदाला २-३ थेंब सोडा.
३. तासाभराने डब्यातली क्षारता मोजा. टाकीएवढी झाली नसेल तर आणखी अर्धा तास द्या.
४. प्राणी पाईपसह किंवा छोट्या कपाने उचला. डब्यातलं जुनं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.
५. दिवा त्या दिवशी बंद ठेवा.

हात कधीच घालू नका. फटका बसलाच तर साबणाने धुवा, आणि सूज किंवा लाली वाढली तर डॉक्टरांना 'समुद्री प्राण्याची जखम' असं स्पष्ट सांगा, कारण खाऱ्या पाण्यातले जिवाणू वेगळे असतात.

दिसत नाही म्हणून पहिल्या आठवड्यात दगड हलवू नका. तो पहिले काही दिवस घर लावण्यात घालवतो. सोबतीला दुसरा मॅन्टिस, मासा, कोळंबी काहीही नको. जे टाकाल ते एक तर जेवण होईल किंवा भांडण.

खाणं

आठवड्यातून दोन-तीनदा, ६-७ सेंटीमीटरच्या प्राण्याला एका वेळी वाटाण्याएवढा तुकडा. कच्ची कोळंबी, माकूळ, शिंपल्याचं मांस, सगळं बिनमिठाचं, गोठवलेलं असेल तर वितळवून. लांब प्लास्टिकच्या चिमट्याने द्या. आठवड्यातून एकदा जिवंत समुद्री गोगलगाय किंवा छोटा शंखी खेकडा द्या, म्हणजे ठोसे मारायला काम मिळतं. काम नसलेला स्मॅशर हीटर आणि काच ठोकत बसतो. उरलेलं खाणं दोन-तीन तासांत काढा. वयात आलेला प्राणी आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्यामुळे सुट्टीआधी 'पुरवठा' म्हणून जास्त घालू नका. एक तुकडा कुजला की अडीच दिवसांत अमोनिया चढतं. आणि खायला घालणारा माणूस एकच ठरवा. पाच जणांनी हौसेने एकेक तुकडा टाकला की टाकी गेलीच.

कात टाकताना

दोन-तीन महिन्यांनी एक दिवस तो खाणं नाकारतो, बिळाचं दार वाळू-दगडांनी बुजवतो आणि आठवडा, कधी दोन आठवडे दिसत नाही. हीच कात टाकण्याची वेळ. पाईप उचलून बघू नका. नव्या कवचाखाली तो मऊ असतो, त्याचे मारक हातही काही दिवस निकामी असतात, आणि दचकला तर त्या हातांनीच वार करायला जातो.

बाहेर डोळ्यांसकट अख्खा मॅन्टिस पडलेला दिसला की ऑफिसात शोककळा पसरते. जाळीने उचलून बघा. पोकळ, हलकं, आरपार दिसणारं असेल तर ती कात आहे. मेलेला प्राणी भरीव लागतो, दुधट-गुलाबट होतो आणि त्याला वास येतो. कात टाकीतच राहू द्या, बरेचदा तो तिच्यातलं थोडं खातो. दार उघडल्यावर चार-पाच दिवस थांबून आधी मऊ माकुळाचा तुकडा द्या. गोगलगाय त्यानंतरच्या आठवड्यात.